धूम्रपान सोडतानाचा ताप

बालरोगतज्ज्ञाने धूम्रपानावर लेख लिहावा हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटेल. हा प्रांत छातीविकारतज्ज्ञांचा, हृदयरोगतज्ज्ञांचा आणि कर्करोगतज्ज्ञांचा. आमचे रुग्ण विडी ओढत नाहीत. परंतु थोडा विचार केला, तर धूम्रपान करणाऱ्या माणसाची वैद्यकाशी पहिली गाठ बहुधा आमच्याच दवाखान्यात पडते, असे लक्षात येईल. हृदयरोगतज्ज्ञाकडे तो पन्नाशीत, छातीत कळ आल्यावर जातो. छातीविकारतज्ज्ञाकडे तो जिना चढताना दम लागू लागल्यावर जातो. आमच्याकडे तो पंचविशी-तिशीतच येतो. तो स्वतः धडधाकट असतो. धाप लागलेली असते ती त्याच्या कडेवरच्या मुलाला.

सियागंजच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्याला हा माणूस रोज भेटतो. सियागंज ही इंदूरची घाऊक किराण्याची पेठ. हळद, मिरची, गूळ, सुपारी, चहा, सुका मेवा यांच्या पोत्यांची तेथे सतत चढउतार चाललेली असते. हम्माल, हातगाडीवाले, मालवाहू रिक्षांचे चालक, दलाल, गादीवरचे मुनीम अशा शेकडो माणसांचा दिवस तेथे उगवतो आणि मावळतो. या दिवसाचे मोजमाप घड्याळापेक्षा चहाच्या पेल्याने आणि विडीच्या झुरक्याने होते. गाडी रिकामी झाली की विडी, पुढची गाडी येईपर्यंत विडी. हिशेब जुळला तर सिगारेट, न जुळला तर दुसरी. जी गोष्ट माणसाच्या कामात, विश्रांतीत आणि मैत्रीत इतकी विणली गेली आहे, ती केवळ 'वाईट आहे' असे सांगितल्याने उसवत नाही.

या लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. धूम्रपान का सोडावे, हे आपण वैद्यक मंडळी गेली अनेक दशके सांगत आलो आहोत. सोडल्यानंतर पहिल्या दिवशी काय होईल, तिसऱ्या दिवशी काय होईल आणि तो त्रास कधी संपेल, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. सोडणाऱ्याचा घात होतो तो बहुधा येथेच.

मुलाच्या छातीतला धूर

आधी कारणांचा विचार करू, आणि तोही बालरोगतज्ज्ञाच्या बाजूने.

१९७४ मध्ये कॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनमधील बालकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. आईवडील दोघेही धूम्रपान करणाऱ्या घरांतील बाळांना आयुष्याच्या पहिल्या वर्षात श्वासनलिकादाह आणि न्यूमोनिया होण्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्या घरांच्या सुमारे दुप्पट आढळले. त्यानंतरच्या संशोधनाने या यादीत बरीच भर घातली. दम्याचे झटके, मध्यकर्णाचा वारंवार होणारा दाह, बाळाचा झोपेतील आकस्मिक मृत्यू आणि गरोदर मातेच्या धूम्रपानामुळे घटणारे जन्मवजन ही त्यांतील ठळक नावे. २००४ या वर्षाच्या आकडेवारीवर आधारलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक जागतिक अंदाज असा, की इतरांच्या धुरामुळे वर्षाला सुमारे सहा लाख माणसे मृत्यू पावतात आणि त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार बालके असतात.

हा धूर हटविला तर काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई झाली. त्याआधी तेथे दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी सुमारे पाच टक्क्यांनी वाढत होती. मनाईनंतर ती दरवर्षी सुमारे अठरा टक्क्यांनी घटू लागली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मुलांना नवे औषध कोणतेही दिलेले नव्हते. फक्त मोठ्यांनी आपली सवय आवरली होती.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायदा येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरात इतरांचा धूर सोसावा लागत होता. ज्या घरात प्रौढाला धूर लागतो, त्या घरातले मूल त्यातून कसे सुटणार?

"डॉक्टरसाहेब, मी घरात ओढत नाही, गच्चीवर जाऊन ओढतो," हे वाक्य आमच्या कानांवर नेहमी येते. त्यामागची भावना प्रामाणिक असते. तिची हेटाळणी करू नये. पण तिचे मोजमाप झालेले आहे. निकोटिनचे शरीरात जे कोटिनिन बनते, ते मुलांच्या लघवीत मोजून स्वीडनमध्ये २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दार बंद करून बाहेर धूम्रपान करणाऱ्यांच्या मुलांतही कोटिनिन धूम्रपानरहित घरांतील मुलांच्या सुमारे दुप्पट होते. घरात धूम्रपान करणाऱ्यांच्या मुलांत ते सुमारे पंधरा पट होते. म्हणजे गच्चीचा उपयोग खरोखरच मोठा आहे, पण तो पुरा नाही. धूर केसांतून, सदऱ्यातून आणि श्वासातून परत येतो, आणि लेकरू त्याच सदऱ्याला बिलगून झोपते.

बापाच्या वाट्याची वर्षे

बापाच्या स्वतःच्या लाभाचा हिशेबही त्याच्यापुढे मांडला पाहिजे. तंबाखूचे दुष्परिणाम हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असा एक समज अधूनमधून डोके वर काढतो. म्हणून सांगावेसे वाटते, की मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. संघवी आणि डॉ. राव यांनी १९५५ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि मुख-घशाचा कर्करोग यांचा संबंध भारतीय रुग्णांच्या आधारे दाखवून दिला होता. ज्या मराठी वैद्यकाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, त्यात हे काम अग्रभागी आहे.

दुसरा दाखला आपल्या व्यवसायबंधूंचाच आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला आणि त्याचे फलित २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सतत धूम्रपान करणारे डॉक्टर, न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधी गेले. मात्र साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे तीन वर्षे परत मिळविली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ दहाच्या दहा. डॉल स्वतः धूम्रपान करीत असत. आपल्याच संशोधनाचे आकडे दिसू लागताच त्यांनी ते सोडले.

हे आकडे बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने विशेष बोलके आहेत. आमच्यासमोर बसलेला बाप तिशीतला आहे. गमावलेले जवळजवळ सर्व परत मिळविण्याची संधी आयुष्यात ज्या टप्प्यावर असते, नेमक्या त्याच टप्प्यावर तो आमच्या दारात येतो.

विडी सौम्य असते, ती 'आपली' असते, हाही एक समज. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेल्या विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, हे खरे. परंतु ती सारखी विझू पाहते, म्हणून तिला वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात कमी जात नाही. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील भारतव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे दहा वर्षांनी घटलेले आढळले.

कळते, तरी वळत का नाही?

ही सर्व कारणे पटलेली माणसेही ओढतच राहतात. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात भारतातील ५५.४ टक्के धूम्रपानकर्ते सोडण्याचा विचार किंवा बेत करीत होते. तेव्हा इच्छेचा दुष्काळ नाही. कोणत्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे मात्र जेमतेम तीन ते पाच असतात. मधल्या वाटेत काहीतरी घडते.

गादीवर मुनिमी केलेले एक मराठी गृहस्थ नातवाला घेऊन माझ्याकडे येत असत. नातवाला वारंवार बाळदमा होई. आजोबांनी नातवासाठी विडी दोनदा सोडली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा धरली होती. त्यांचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके होते. ते म्हणाले, "डॉक्टर, पहिला दिवस सणासारखा जातो. तिसऱ्या दिवशी घर खायला उठतं. सुनेवर ओरडलो, हिशेबात चुकलो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वाटलं, माझ्या शरीराला ती लागतेच. या वयात सोडली तर भलतंच काही व्हायचं."

त्यांचे दुःख विडीच्या तलफेपुरते नव्हते. जो त्रास होत होता तो उतरणीला लागण्याच्या बेतात होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. तो दिवसेंदिवस वाढतच जाणार, असे धरून त्यांनी शरणागती पत्करली होती. दोन्ही वेळा ते घाटमाथ्यापर्यंत चढून गेले होते आणि पुढे उतार आहे हे न कळल्यामुळे मागे फिरले होते.

येथे मला आपल्या रोजच्या कामाची आठवण होते. लहान बाळांना येणाऱ्या एका विषाणुज्वरात तीन-चार दिवस चांगलाच ताप राहतो आणि ताप उतरताना अंगावर पुरळ उठते. आईला हे आधी सांगितले, तर ती बाळाच्या अंगावरून ओले फडके फिरवीत, पाणी पाजीत धीराने चौथा दिवस गाठते आणि पुरळ दिसताच सुटकेचा श्वास टाकते. हे सांगितले नाही, तर ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाते आणि पुरळ उठताच तिसऱ्या. आजार तोच, ताप तेवढाच. फरक पडतो तो पुढे काय होणार, हे ठाऊक असण्याने.

धूम्रपान सोडल्यावर होणारा त्रास हादेखील असाच ठरावीक क्रमाने जाणारा, आपोआप संपणारा एक छोटा आजार आहे. त्याचे वेळापत्रक आपण हातात दिले पाहिजे.

तापाचे वेळापत्रक

झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. रक्तातील त्याची मात्रा सुमारे दोन तासांत निम्मी होते आणि मेंदू पुढच्या झुरक्याची मागणी करू लागतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदूतील निकोटिनग्राहकांची संख्याच वाढलेली असते. विडीने 'डोके शांत होते' असे जे वाटते, ते बहुतांशी मागच्या विडीने निर्माण केलेली अस्वस्थता शमल्यामुळे.

पहिला दिवस: शेवटच्या विडीनंतर चार ते चोवीस तासांत अस्वस्थता सुरू होते. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, भूक वाढणे, मन खट्टू होणे ही तिची लक्षणे. त्याच वेळी रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरू लागते आणि एक-दोन दिवसांत ते धूम्रपान न करणाऱ्याइतके होते. माणसाला त्रास जाणवतो, ही सुधारणा जाणवत नाही. म्हणून ती आपण सांगावयाची.

दुसरा आणि तिसरा दिवस: हा या आजाराचा कळस. झोप मोडते, डोके जड होते, क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो. या दोन दिवसांची कल्पना घरच्यांनाही द्यावी. "परवापर्यंत हे जरा तापट राहतील, मनावर घेऊ नका," एवढे वाक्य सुनेला किंवा पत्नीला सांगून ठेवले, तर अर्धे भांडण टळते. या काळात महत्त्वाचे व्यवहार आणि लांबचा प्रवास शक्य तो टाळावा.

पहिला आठवडा: कळस ओलांडला की त्रास उतरणीला लागतो. काहींना बद्धकोष्ठ होते, तोंड येते, खोकला वाढतो. खोकला वाढला की माणूस घाबरतो आणि 'विडीनेच कफ सुटत होता' असे म्हणून पुन्हा ओढू लागतो. श्वासनलिकांतील सूक्ष्म केसरे पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असू शकते, असे त्याला समजावावे. खोकला लांबला, कफात रक्त पडले किंवा वजन घटू लागले, तर मात्र तपासणी टाळू नये.

दोन ते चार आठवडे: शारीरिक लक्षणे बहुतेकांत या मुदतीत ओसरतात. मेंदूतील वाढलेले निकोटिनग्राहक सुमारे सहा ते बारा आठवड्यांत पूर्वपदावर येतात. तलफ त्यानंतरही अधूनमधून येते. पण ती आता रक्तातून कमी आणि आठवणीतून अधिक येते. चहाचा पेला, जेवणानंतरची वेळ, गुमटीवरचा जुना मित्र, हिशेबाचा ताण ही तिची ठिकाणे ठरलेली असतात.

तलफेचे एक वैशिष्ट्य रुग्णाला आवर्जून सांगावे. एकेक लाट सहसा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी घोटघोट पिणे, लवंग किंवा बडीशेप तोंडात धरणे, दीर्घ श्वास घेणे, जागा सोडून चार पावले चालणे पुरते. जन्मभर विडी न ओढण्याचा निर्धार डोंगराएवढा वाटतो. पाच मिनिटे न ओढणे कोणालाही जमण्यासारखे असते.

मुनीम आजोबांना हेच वेळापत्रक सांगितले. त्यांनी ते घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर उतरवून घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाभोवती त्यांनी लाल शाईने चौकट काढली आणि सुनेला सांगून ठेवले, "या दोन दिवसांत माझ्या बोलण्याचा हिशेब धरू नकोस." तिसऱ्या खेपेस ते घाट उतरून पलीकडे गेले.

चहा, वजन आणि मनःस्थिती

तीन गोष्टींकडे सोडणाऱ्याचे आणि त्याच्या डॉक्टरचेही दुर्लक्ष होते.

पहिली गोष्ट चहा. विडी-सिगारेटच्या धुरातील घटक यकृतातील एका विकराला चेतवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडते. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो. दिवसाला आठ कप पिणाऱ्याला तेच आठ कप आता जास्त चढतात. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री जागरण होते आणि या सर्वांचे खापर विडी सोडण्यावर फुटते. सियागंजात चहा सोडा म्हणणे व्यर्थ आहे. पहिले काही आठवडे तो निम्मा करा, असे सांगावे. याच कारणाने थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांची रक्तातील मात्राही वाढू शकते. आपला रुग्ण ती घेत असेल, तर मात्रेकडे लक्ष ठेवणे हे आपले काम.

दुसरी गोष्ट वजन. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. हे लपवू नये. सराफ्यात रात्री फिरणाऱ्या आणि सकाळी पोहे-जिलबीने दिवस सुरू करणाऱ्या आपल्या शहरात तर मुळीच लपवू नये. परंतु धूम्रपान सोडण्याच्या लाभापुढे या वाढीचा तोटा फारच थोडा आहे. आधी विडी सुटू द्यावी, वजनाचा विचार तीन महिन्यांनी करावा.

तिसरी गोष्ट मनःस्थिती. 'ओढली नाही तर मन थाऱ्यावर राहणार नाही' ही भीती खरी असते, पण काही आठवड्यांपुरतीच. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, सोडून टिकलेल्यांमध्ये चिंता, खिन्नता आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. मात्र पूर्वी नैराश्याचा आजार झालेल्यांवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवावे.

तापाला औषध असते

ताप सोसवत नसेल, तर आपण औषध देतो. त्यात कोणी कमीपणा मानत नाही. येथेही तसेच असावे. माणूस ओढतो निकोटिनसाठी, पण त्याला मारतो तो धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि अन्य विषांचा समूह. म्हणून धूर बंद करून थोडे निकोटिन काही आठवडे वेगळ्या मार्गाने देणे आणि मग तेही थांबविणे हा शास्त्रशुद्ध उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटिन-पर्यायी उपचारास, आणि २०२१ मध्ये ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन या औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

निकोटिनचा गम आपल्याकडे सहज मिळतो. पण तो साध्या च्युइंग गमसारखा चघळला, की घसा जळतो, उचक्या लागतात आणि 'हे काही खरे नाही' म्हणून माणूस तो फेकून देतो. वापरण्याची रीत अशी: गम सावकाश चावावा, जिभेला चुणचुण लागली की तो गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा, चुणचुण गेली की पुन्हा चावावा, असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेतो चहा, कॉफी किंवा शीतपेय घेऊ नये. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्याला जास्त मात्रेचा गम लागतो. व्हॅरेनिक्लीन किंवा ब्युप्रोपिऑन द्यायचे असेल, तर ते पूर्ण इतिहास घेऊनच द्यावे.

एकदम सोडावे की हळूहळू? २०१६ च्या एका तुलनात्मक चाचणीत, दिवस ठरवून एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी धूम्रपानापासून दूर होते. दोन आठवडे कमी करत जाऊन सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. ज्याला कमी करतच जायचे आहे त्याला अडवू नये, पण शेवटच्या विडीची तारीख त्याच्याकडून ठरवून घ्यावी. विडीच्या जागी तंबाखूची पुडी किंवा मिश्री येणार नाही, याचीही खात्री करावी. तो सोडण्याचा मार्ग नव्हे. त्याने रोगाची जागा छातीतून तोंडात जाते, एवढेच. ई-सिगारेटला तर आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे.

केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू आहे आणि २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जातो. तो वाचता न येणाऱ्याला आपण लिहून देऊ शकतो किंवा आपल्या दवाखान्यातूनच लावून देऊ शकतो.

डॉक्टरच्या दोन मिनिटांची किंमत

'आमच्या सांगण्याने कोण सोडतो?' असे आपणांपैकी अनेकांना वाटते. मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये लंडनच्या सामान्य दवाखान्यांत याची चाचणी घेतली. काहीही न सांगितलेल्यांपैकी वर्षाअखेर ०.३ टक्के सुटलेले होते. डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे सल्ला देऊन, पत्रक हातात ठेवून 'पुन्हा विचारीन' असे सांगितलेल्यांपैकी ५.१ टक्के सुटले. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे पंधरा मिनिटांचा सल्ला आणि श्वसनाचा योगाभ्यास यांनी दीर्घकाळ तंबाखूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ०.५ वरून २.६ टक्क्यांवर गेले. आकडे लहान दिसतात. पण दिवसभरात आपण किती बापांना भेटतो याचा गुणाकार केला, तर ते लहान राहत नाहीत.

रागावण्याने मात्र काहीच साधत नाही. रागावलेल्या डॉक्टरचा परिणाम एवढाच होतो, की पुढच्या खेपेस मूल आईबरोबर येते आणि बाप रस्त्यावर, गुमटीपाशी थांबतो. आपल्याला ज्याच्याशी बोलायचे आहे, तोच खोलीबाहेर राहतो. पुन्हा विडी धरलेल्या माणसाचेही तसेच. बहुतेकांना सोडण्याचे अनेक प्रयत्न करावे लागतात. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण मुलाला दोष देत नाही. काय निमित्त झाले हे विचारतो आणि उपचार सुधारतो. बापाला तेवढाच न्याय द्यावा.

लसीकरणाच्या पत्रिकेवर एक ओळ

शेवटी एक सूचना. धूम्रपान सोडविण्यात सर्वात अवघड असतो तो पाठपुरावा. निरोगी माणूस स्वतःहून पुन्हा दवाखान्यात येत नाही. पण बालरोगतज्ज्ञाला हा पाठपुरावा आयता मिळालेला आहे. बाळ जन्मते, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लशींसाठी येते. पुढे नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास येते. मेंदूतील निकोटिनग्राहक पूर्वपदावर यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे वर आलेच आहे. बाळाच्या जन्माच्या दिवशी बापाने शेवटची विडी विझवली, तर बाळाच्या लशींचे दिवस आणि बापाच्या कसोटीचे दिवस जवळजवळ जुळतात.

म्हणून प्रत्येक बालकाच्या पत्रिकेवर वजन आणि उंचीबरोबर आणखी एक ओळ असावी: 'घरात धूम्रपान कोण करतो?' प्रत्येक लशीच्या वेळी तो प्रश्न पुन्हा, तेवढ्याच सहजपणे विचारावा. 'सोडली' असे उत्तर आले तर पाठीवर हात ठेवावा. 'पुन्हा धरली' असे आले तर नवी तारीख लिहावी. विडी आणायला मुलाला गुमटीवर पाठवू नका, हेही त्याच वेळी सांगावे; अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहेच, शिवाय विडीशी मुलाची पहिली ओळख अशीच होते.

आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे तेव्हा कोणाच्याही अंगवळणी पडलेले नव्हते. रोज सकाळी दारात गाडी आली, रोज तेच सांगितले गेले, आणि काही महिन्यांत लाखो घरांची सवय बदलली. सवय बदलते, पण त्यासाठी कोणीतरी पुन्हापुन्हा दाराशी यावे लागते. येथे बापच बाळाला घेऊन आपल्या दाराशी येतो. त्याला कारणे तर सांगूच. सोबत तिसऱ्या दिवसाची कल्पना देऊ आणि चौथा दिवस येतो, हेही सांगू.